एकशे त्रेसष्टावं दार

"बोलावल्यावर जेवला तो पाहुणा, न बोलावता जेवलं ते कुत्रं."

गोवर्धनभाऊ रासकर हे वाक्य इतक्या वेळा म्हणायचे की आमच्या गावातली पोरं मान तिरपी करून, त्यांच्यासारखं उपरणं झटकून, ते म्हणून दाखवायची. आम्ही पारावर बसून हसायचो. एकवीस वर्षं हसलो. त्या वाक्यात हा माणूस आपल्यालाच काहीतरी सांगतो आहे, हे गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्या शहाण्यांत मीही होतो. म्हणून पुढं जे कडू लिहिणार आहे त्यातला माझा वाटा मी आधीच उचलून ठेवतो.

गोवर्धनभाऊ मूळचे सासवडच्या बाजूचे माळी. चार भावांत वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वाट्याला असा तुकडा आला की बैल वळवले तर बैलाचा पाय शेजाऱ्याच्या बांधावर पडायचा. तो विकून, बायको सत्यभामाबाई, तीन वर्षांचा शेखर आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली शेवंतीची रोपं घेऊन ते अकोल्याला उतरले. तिथून तेल्हाऱ्याच्या एसटीनं आमच्या फाट्यावर आले.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला खारं पाणी लागतं, वरच्या अंगाला सातपुड्याकडून आलेलं गोडं. त्यांनी घेतलेले तीन एकर नेमके मधले. सारं गाव म्हणालं, फसला बुवा. त्यांनी विहीर खोदली. पाणी चाखलं. मग म्हणाले, "निम्मं गोड हाय. निम्म्यावर भागवू." त्या निम्म्या गोड पाण्यावर त्यांनी शेवंती आणि झेंडू असा फुलवला की दसऱ्याला तेल्हाऱ्याच्या बाजारातली एक अख्खी ओळ त्यांच्या फुलांनी पिवळी व्हायची.

त्यांचं नाव पहिल्याच आठवड्यात 'पुणेकर' पडलं. पुणं त्यांनी आयुष्यात चारदा पाहिलं होतं, त्यातलं दोनदा दवाखान्यासाठी. पण आमच्याकडं पश्चिमेकडून जो आला तो पुणेकर, मग तो डोंगरातला धनगर का असेना.

आता आमच्या गावच्या रोडग्यांबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यांच्याभोवती आहे. पौषातल्या शेवटच्या शनिवारी मारुतीच्या देवळापुढं गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा हार लागतो. त्यात कणकेचे जाड रोडगे भाजतात. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. त्या दिवसाचं आवतन असतं चूलबंद. म्हणजे घरातला एकच माणूस नाही, सगळं घर जेवायला, अगदी पाळण्यातलं लेकरूसुद्धा, आणि त्या दिवशी गावातली एकही चूल पेटायची नाही. गॅस आला तरी हे मोडलं नाही. बाया शेगडीला कुंकू लावून ती बंद ठेवतात.

हे आवतन आदल्या दिवशी घरोघर जातं. एक माणूस थाळीत हळदीचे तांदूळ घेऊन निघतो, दाराच्या उंबऱ्यावर चिमूट ठेवतो आणि म्हणतो, "मारुतीच्या रोडग्यांचं आवतन. चूलबंद." घरातून उत्तर येतं, "घेतलं." एवढंच. पण ती चिमूट पडली नाही तर घर येत नाही. मग तो सख्खा भाऊ असो.

अडचण अशी होती की आमच्या गावात वरली गल्ली आणि खालची गल्ली यांचं पिढ्यांपासून वाकडं. वरल्या गल्लीचा माणूस थाळी घेऊन आला की खालची गल्ली म्हणायची, आमच्याकडं दुपारून काहून आला? खालच्याचा गेला तर वरले म्हणायचे, याच्या हातचे तांदूळ आमी काय म्हणून घ्यावे? दरसाल कोणीतरी रुसायचं. म्हणून गोवर्धनभाऊ आले त्याच साली देवळाचं सारं पाहणारे भगवंतराव त्यांच्या मळ्यात गेले. मी सोबत होतो.

"पुणेकर," भगवंतराव म्हणाले, "तुमचं या गावात कोनाशी नातं नाई, कोनाशी वैर नाई. तुमी फिरा आवतन घेऊन."

गोवर्धनभाऊंच्या हातात खुरपं होतं. ते त्यांनी धोतराला पुसलं. "मी?" एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कोणी त्यांच्या नावानं सातबारा लिहून दिला.

भगवंतरावांचं ते वाक्य मला पुढं कितीदा आठवलं. कोणाशी नातं नाही, हा गुण धरून आम्ही त्या माणसाला कामाला लावलं, आणि तो त्याला सन्मान समजला.

सत्यभामावहिनींनी धुतलेलं धोतर, नवी टोपी काढून दिली. गोवर्धनभाऊंनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकशे बासष्ट दारं केली. एक दार चुकलं नाही, कोणी रुसलं नाही. घरी आले तेव्हा वहिनींनी विचारलं, "आन् आपल्या दाराचं?"

"येईल की. आपल्याला आपणच कसं दिऊ? आपलं घ्यून दुसरं कुणीतरी येईल."

वहिनी उंबरा सारवून बसल्या. कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते देवळात आले, कारण सेवेला आवतन लागत नाही असं त्यांचं म्हणणं. वरणाची बादली उचलली आणि चारही पंगती वाढल्या. असा वाढपी आमच्याकडं झाला नाही. पानाकडं न बघता माणसाच्या तोंडाकडं बघून वाढायचे. म्हाताऱ्याला पातळ, नांगरणाऱ्याला घट्ट. शेवटची पंगत उठली की बादली विसळून पालथी घालायचे, हात धुवायचे आणि घरी निघून जायचे. पहिल्या पंगतीला वाटायचं, हे शेवटच्या पंगतीत जेवतात. शेवटच्या पंगतीला वाटायचं, यांचं आधीच झालं असेल. असं एकवीस वर्षं आम्हाला वाटत राहिलं, आणि वाटण्याला काही खर्च नसतो.

घरी वहिनी काय करायच्या, ते ऐका. त्या दिवशी गावात धूर निघाला तर गावाची नाचक्की, हे त्यांना कळलं होतं. आवतन नव्हतं, तेव्हा चूल पेटवायचा त्यांना पूर्ण हक्क होता. तरी त्या आदल्या दिवशीच भाकरी करून ठेवायच्या आणि रोडग्यांच्या दिवशी ती माय, तो बाप आणि ते लेकरू शिळी भाकरी चटणीशी खायचे. ज्या गावानं त्यांना बोलावलं नाही त्या गावाची अब्रू त्या राखत होत्या. आणि आम्ही देवळापुढं ढेकर देत होतो.

रोडग्यांपुरतंच असतं तरी सोडून दिलं असतं. आवतनाला पुणेकर चांगला, हे एकदा ठरल्यावर लग्न, बारसं, तेरवी, सगळ्याला तेच. पुढं छापील पत्रिका आल्या तर त्याही वाटायला तेच. पत्रिकांचा गठ्ठा हातात पडला की ते आंब्याखाली बसून तो एकदा सगळा चाळायचे. लोकांना वाटायचं, गल्लीप्रमाणं लावून घेतात. वहिनींना माहीत होतं ते काय शोधतात. फुलं मात्र प्रत्येक मांडवाला त्यांच्याच मळ्यातली जायची.

बोली बदलली त्यांची. आधी 'मला' होतं, पुढं 'मले' झालं. 'कशाला'चं 'काहून' झालं. तूर कधी सोंगायची हे आमच्याहून आधी ओळखू लागले. वहिनी मात्र हट्टानं आपली सासवडची बोली बोलत राहिल्या. एकदा माझ्या बायकोनं चेष्टा केली, "काय वो वहिनी, आता तरी वऱ्हाडी व्हा!"

वहिनी म्हणाल्या, "व्हते की. कुणी ये म्हनू द्या."

माझी बायको हसत घरी आली आणि तिनं मला ते सांगितलं. मीही हसलो.

शेखर मोठा झाला, नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला. त्याचं लग्न झालं ते रिद्धपूरजवळच्या एका शेतकरी घरातल्या मुलीशी. दामिनी तिचं नाव. लग्नानंतरच्या पहिल्या पौषात ती सासरी आली ती नेमकी रोडग्यांच्या वेळी. मुलगी पक्की वऱ्हाडातली. तिला चूलबंद म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

सासरे थाळी घेऊन गावभर फिरून आले. तिनं उंबऱ्याकडं पाहिलं. उंबरा कोरा.

"आत्याबाई, आपलं आवतन?"

वहिनींनी तिला सगळं सांगितलं. शिळ्या भाकरीचंही सांगितलं.  शनिवारी सकाळी सासरे देवळात गेल्यावर दामिनीनं परसातली मातीची चूल उचलून अंगणात आणली. घरात गॅस होता. तरी तिनं कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या मोडल्या आणि पेटवल्या. त्यांचा धूर कसा असतो ते कापूस पेरणाऱ्याला विचारा. काळा, जाड, वळ्या घेत वर जाणारा. वारा पडलेला होता. तो धूर सरळ उभा राहिला आणि सगळ्या गावानं पाहिला.

पहिली पंगत बसत होती. कोणीतरी ओरडलं, "धूर! धूर कोनाचा निघून राहिला?"

भगवंतराव लाल झाले. आवतन घेऊन चूल पेटवणं म्हणजे देवाच्या पानावर लाथ. ते काठी टेकत निघाले, मागं आम्ही दहा-बारा जण. धुराच्या दिशेनं चालत गेलो तो थेट गोवर्धनभाऊंच्या अंगणात. दामिनी खाली बसून भाकर थापत होती. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, पण हात थांबवला नाही.

"काहो सूनबाई," भगवंतराव गरजले, "तुमचं माहेर काय विलायतेत आहे? चूलबंद आवतन असून चूल पेटवता?"

"कोनाले आवतन आहे, बाप्पा?" दामिनी म्हणाली.

"साऱ्या गावाले!"

"आमच्या दारात कोनं तांदूळ ठेवले, ते सांगा. मी आत्ता पानी ओततो चुलीवर."

भगवंतरावांनी मागं वळून आमच्याकडं पाहिलं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. कोणीतरी म्हणालं, "यंदा राहून गेलं असन."

"यंदा?" सत्यभामावहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "पोरगं तीन वर्साचं व्हतं तवापासून राहतंय."

तव्यावरची भाकर करपली. तो वास अजून माझ्या नाकात आहे. तेवढ्यात गोवर्धनभाऊ देवळातून धावत आले, हातात वरणाची बादली तशीच. त्यांनी सुनेकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. आम्हाला वाटलं, आता ते सुनेवर ओरडतील, आमची माफी मागतील आणि आम्हाला मोकळं करतील. इतकी आमची त्यांच्याकडून अपेक्षा. त्यांनी बादली भगवंतरावांच्या पायाशी ठेवली आणि चुलीपुढं पाटावर जाऊन बसले.

"वाढ पोरी," म्हणाले.

भगवंतराव चाचरले. "झालं गेलं राहू द्या. चला आता सारे. उठा."

"पंगत बसल्यावर आवतन नसतं जी," गोवर्धनभाऊ शांतपणे म्हणाले. "ती हाक असते. हाक कुत्र्याले मारतात."

एवढं झाल्यावर गावाला लाज वाटली असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला सांगताना अजून चीड येते. वर्षभर पारावर काय बोलणं चाललं माहीत आहे? "एवढा मान पायजे होता तं तोंडानं सांगाचं होतं." "बाहेरच्याले डोक्यावर घेतलं का असंच होते." एक जण तर म्हणाला, "कालची आलेली पोरगी गावाले शिकवून राहिली." अरे, शिकवायला ती आली नसती तर तुम्ही अजून एकवीस वर्षं जेवला असता!

मी त्या बोलण्यात नव्हतो. पण उठून त्यांच्या दारातही गेलो नाही. मनात म्हणायचो, भगवंतरावांनी जायला पाहिजे, मी कोण? भगवंतराव म्हणत असतील, गावानं जायला पाहिजे. असं ते एक दार सगळ्यांनी मिळून राहू दिलं.

पुढचा पौष आला. गोवर्धनभाऊ थाळी उचलायला देवळात आले नाहीत, आणि त्यांना ये म्हणायचं तोंड कोणाला नव्हतं. मग तोड निघाली: गुरुवारी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करायचा. समस्त गावकऱ्यांना चूलबंद आवतन. मोबाईलवरही तोच निरोप टाकला, खाली हात जोडलेलं चित्र. भगवंतराव म्हणाले, "झालं. सर्वाले सारखं. कोनाची तक्रार नाई."

शुक्रवारी सकाळी खालची गल्ली पेटली. "भोंग्यावरून? आमी काय कोंबड्या आहो, या या म्हनाले?" वरली गल्ली म्हणाली, आमच्या उंबऱ्यावर तांदूळ नाहीत, आम्ही चूल बंद करणार नाही. नव्वद वर्षांच्या पार्बताबाईंनी तर भगवंतरावांच्या बायकोला, लीलाबाईंना, नळावर गाठलं. "तुह्या नवऱ्याले सांग, मी मेल्यावर मले न्याले भोंगा पाठवजो." एका आवतनाशिवाय राहिलं तर कसं लागतं, हे गावाला एका सकाळीत कळलं. तोंडं बघण्यासारखी झाली होती एकेकाची.

किती कणीक मळायची, किती वांगी चिरायची, काही अंदाज लागेना. शेवटी भगवंतरावांनी थाळी घेतली, हळदीचे तांदूळ घेतले आणि मला म्हणाले, "चाल."

उन्हं अजून चढायची होती. गोवर्धनभाऊ अंगणात शेवंती निवडत होते. शेखर आणि दामिनी कालच नांदगाव पेठेहून आले होते. ते माळा ओवत होते, देवळासाठीच. फुलांचा नेम त्यांनी मोडला नव्हता.

"पुणेकर," भगवंतराव म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "गोवर्धनराव. गाव अडलं आहे."

सत्यभामावहिनी बाहेर आल्या. त्यांनी थाळीकडं पाहिलं. "तांदूळ आनल्यात. कशाला? यांनी फिरवायला, का इथं ठेवायला?"

त्या प्रश्नाला पळवाट नव्हती. भगवंतरावांचं वय बहात्तर, गुडघे गेलेले, आणि आयुष्यात त्यांनी कोणाच्या उंबऱ्याला हात लावलेला नाही. ते थाळी धरून उभेच राहिले. मी मदतीला हात पुढं केला, तर दामिनी म्हणाली, "राहू द्या काकाजी. ज्याचं त्याले करू द्या."

भगवंतराव वाकले. एक गुडघा टेकला, मग दुसरा.  थोडे दाणे बाहेर सांडले, बाकीचे उंबऱ्यावर पडले. "मारुतीच्या रोडग्यांचं आवतन," ते म्हणाले. "चूलबंद."

गोवर्धनभाऊंनी हे शब्द किती हजार वेळा म्हटले असतील. त्यांचं उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.  त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"घेतलं," वहिनी म्हणाल्या. आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, तांब्याभर पाणी आणून त्यांनी अंगणातल्या त्याच मातीच्या चुलीवर ओतलं.

भगवंतरावांना मी हात देऊन उठवलं. सुटलो एकदाचे अशा थाटात त्यांनी थाळी गोवर्धनभाऊंपुढं धरली. "घ्या आता. निंघा. एकशे बासष्ट घरं आहेत."

गोवर्धनभाऊंनी थाळीला हात लावला नाही. "मी तं पाव्हना आहो जी उद्याचा," ते म्हणाले. "पाव्हन्यानं आवतन वाटाचं नसते. तुमचा गुडघा आता वाकाले लागला आहे. दिवेलागनीपर्यंत होतात सारी दारं, मले ठाऊक आहे."

आम्ही दोघांनी केली ती दारं. प्रत्येक दारात भगवंतराव वाकले, प्रत्येक दारात त्यांना दोन शब्द ऐकावे लागले. पार्बताबाईंनी पाच ऐकवले. मला त्यांची कीव आली नाही.

शनिवारी रासकरांचं घर कुलूप लावून देवळात आलं. गोवर्धनभाऊ, वहिनी, शेखर, दामिनी. पहिल्या पंगतीत, सगळ्यांच्या मधोमध बसले. भगवंतरावांनी स्वतःच्या हातानं वाढलं. गोवर्धनभाऊंनी रोडगा फोडला, त्यातली वाफ बघितली, वरणात कालवला आणि असे सावकाश जेवले की बाकीची पंगत उठून गेली तरी त्यांचं चाललंच होतं. कोणी घाई केली नाही. करून बघायची हिंमत नव्हती.

दुसरी पंगत बसली. पानं मांडली, रोडगे पडले. वरण येईना. वरणाची बादली देवळाच्या पायरीशी भरलेली होती. एकवीस वर्षं जो हात ती उचलायचा त्याच्याकडं दीडशे माणसं वळून बघत होती. रागावून नव्हे, सवयीनं.

गोवर्धनभाऊ उठले. पान उचललं, टाकीवर हात धुतले, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. बादलीपाशी आले. खाली पाहिलं. बादली वाटेत होती, तिला वळसा घालून ते पुढं गेले.

वहिनी मागं होत्या, दोन पावलांत त्यांना गाठून बरोबरीनं चालू लागल्या. शेखर आणि दामिनी पाठीमागं. मळ्याकडं जाणाऱ्या काळ्या मातीच्या वाटेनं ते चौघं गेले, भरल्या पोटानं, हळूहळू, कुठंही मागं न बघता. शेवंतीच्या पिवळ्यापाशी गोवर्धनभाऊंची टोपी वळली आणि दिसेनाशी झाली.

कोरड्या रोडग्यांपुढं बसलेलं सारं गाव बघत होतं. भगवंतराव बघत होते. मी बघत होतो, आणि मग मी वाकलो आणि बादली उचलली. जड होती.